एकवीस मिनिटं

हरीण आडवं आलं नसतं, तर चारुदत्तला घरी पोचेपर्यंत काही कळलंच नसतं.

सकाळी सहाला तो ओबिहिरोहून निघाला होता. बायकोची, रेखाची, छोटी निळी गाडी त्सुकुबाला घरी आणायची, एवढंच काम. बटाट्याच्या संशोधनासाठी रेखाची तीन वर्षं इकडे होक्काइदोत बदली झाली होती. तो त्सुकुबातच राहून रोज ट्रेनने तोक्योला जायचा. फेब्रुवारीत चार दिवसांच्या तापात रेखा गेली. गाडी संस्थेच्या पार्किंगमध्येच राहिली, कारण चारुदत्तला चालवता येत नव्हती. मग चोपन्नाव्या वर्षी तो ड्रायव्हिंग स्कूलला गेला, विशीतल्या पोरांच्या रांगेत बसला, दुसऱ्या खेपेला पास झाला. आता गाडीला पुढेमागे नवशिक्याचा हिरवा-पिवळा बिल्ला लावून तो अकराशे किलोमीटरवर निघाला होता.

"तोमाकोमाईहून थेट आपल्या बाजूला बोट येते. तिच्यात गाडी टाक आणि झोप," मुलगी नुपूर म्हणाली होती. ती नागोयाला नोकरी करते. "रस्त्याने यायचं काय अडलंय?"

"तुझी आई मला सामान म्हणायची. शेजारच्या सीटवर ठेवलेलं सामान. एकदा चालवत आणतो."

दुपारी समुद्राकाठच्या रस्त्यावर ते हरीण आलं. ब्रेक लागला, हरीण पळालं, कुणाला काही झालं नाही. पुढच्या थांब्यावर गाडी लावून त्याने नुपूरला फोन केला.

"डॅशकॅममध्ये आलं असेल की! मला बघायचंय."

आरशाजवळ तो काळा कॅमेरा होता. रस्ता टिपायचा आणि आतला आवाजही. चारुदत्तने त्याच्याकडे आजवर लक्षच दिलं नव्हतं. नुपूर सांगेल तशी बटणं दाबत त्याने यादी उघडली. आजचं बरंच होतं. त्याच्या आधी रविवारच्या तारखा होत्या, प्रत्येकी दहा मिनिटं.

एक लावली. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग एक पुरुष हलक्या आवाजात म्हणाला, "शित्सुरेई शिमासु." पुढे दहा मिनिटं नुसतं इंजिन आणि समोर पार्किंगची भिंत.

"ओनोसान," चारुदत्त म्हणाला. ते रेखाच्या प्रयोगशाळेतले. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी येऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, हे किल्ली देताना त्यांनी सांगितलं होतं. रिकाम्या गाडीत बसण्याआधीही आत येऊ का म्हणायचे, हे सांगितलं नव्हतं.

"आणि आईचं?" नुपूरने विचारलं.

"आईचं काय?"

"बाबा, फेब्रुवारीपर्यंत गाडी आईच चालवत होती ना. खाली जा. अगदी खाली."

तो खाली गेला. बत्तीस रविवार संपले आणि त्यांच्याखाली फेब्रुवारीची एकच नोंद राहिली.

"एकच आहे गं. एकवीस मिनिटांची."

नुपूर म्हणाली, "कार्ड भरलं की ते सगळ्यात जुनं पुसतं आणि त्यावर नवीन घेतं. तू आज किती तास चालवलीस?"

"सात."

"आणि ओनोसानचे पाच."

चारुदत्तने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. सात तास तो सांभाळून, ठरलेल्या वेगाच्या आत, मागच्या गाड्यांना पुढे जाऊ देत आला होता. जितका हळू आला तितकं जास्त पुसलं होतं.

"आता इंजिन चालू करू नकोस," नुपूर म्हणाली. "आधी ते लाव. फोन जवळ धर."

बर्फाचा रस्ता दिसायला लागला. रेखा बाजाराला निघाली होती आणि एकटीच बोलत होती. "कांदे, दूध, कचऱ्याच्या पिशव्या. उद्या प्लॅस्टिक. आठच्या आत ठेवायचं, नाहीतर ती शेजारीण परत चिठ्ठी लावेल. लावू दे मेलीला." कुणीतरी तिला वाट दिली असावी. धोक्याचे दिवे दोनदा टिकटिकले, इकडे रस्त्यावर आभार असेच मानतात. "थँक्यू हं दादा." मग बराच वेळ वायपर. दुकानापाशी गाडी मागे घेताना ती म्हणाली, "आणि सामानाला फोन करायचाय," आणि इंजिन बंद झालं.

"मोउ इक्काई," फोनमधून नुपूर म्हणाली. लहानपणी झोपाळ्यावरून उतरायचं नसलं की असंच म्हणायची. पुन्हा एकदा.

त्यांनी तीनदा ऐकलं.

मग चारुदत्तने नखाने ते कार्ड काढलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि डबी खिशात घालून बटण लावलं.

"नवीन कार्ड घे आता. कुठल्याही कोंबिनीच्या दुकानात मिळेल," नुपूर म्हणाली.

"नको."

"बरं. आणि बाबा, ओनोसानना यातलं काही सांगू नकोस हं."

"वेडी आहेस का? त्यांना शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पाठवायचाय. तिखट कमी घालून."

दुसऱ्या दिवशी दुपारी, रात्रीच्या छोट्या बोटीने अओमोरीला उतरून खाली येताना, तो सेंदाईजवळ चहाला थांबला. निघताना इंजिन चालू केलं तशी यंत्रातली बाई कार्ड नसल्याची तक्रार करू लागली. कालपासून दर वेळी करत होती.

"माहीत आहे," चारुदत्त म्हणाला.

हायवेला लागताना डावीकडच्या लेनमध्ये ट्रकांची रांग होती. एका ट्रकवाल्याने वेग कमी करून जागा दिली. धोक्याचे दिवे आभार मानायला नसतात, असं स्कूलमध्ये त्याला बजावलं होतं. परीक्षेत मार्कही जातील म्हणाले होते. चारुदत्त लेनमध्ये आला, गाडी सरळ केली आणि ते लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. दोनदा टिकटिक झाल्यावर बंद केलं.

"थँक्यू हं दादा," तो मोठ्याने म्हणाला.

त्सुकुबा अजून तीनशे किलोमीटर होतं.