कठड्याचे चार स्क्रू

आर्लीन पेल्कीला तीन आठवडे अन्न गोड लागत नव्हतं, आणि त्याला कारण होते चार स्क्रू. ते तिच्या एप्रनच्या खिशात होते.

नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिनं स्वयंपाकघर नवं करायचं मनावर घेतलं. करणार कोण? शेजारचा व्हर्न ड्यूबे. उन्हाळाभर समुद्रातून शेवंडांचे सापळे ओढायचे आणि हिवाळ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरात हातोडी चालवायची, हे त्याचं आयुष्य. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या किनाऱ्यावर शेजाऱ्याला मजुरी विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. शनिवारी दिवसभर भट्टीत मुरलेले बीन्स पोटभर वाढायचे, की झाला हिशेब. व्हर्ननं वरची फळी ठोकली तेव्हा ती करवादली होती, "इतकी उंच? माझा हात कसा पोचणार?"

"वाढ की थोडी," तो म्हणाला होता.

मग एके सकाळी आर्लीनच्या घराच्या मागच्या पायऱ्या उतरताना त्यानं कठडा धरला, कठडा हातात आला आणि व्हर्न खाली बर्फावर. उजवा खांदा मोडला. इस्पितळात या शहाण्यानं काय सांगावं? होडीवर पडलो म्हणे. तो कठडा शरद ऋतूत त्यानंच बसवला होता ना! आपलंच काम कच्चं निघालं, याची लाज त्याला खांद्यापेक्षा जास्त दुखत होती.

ऑपरेशन लवकर झालं नाही तर हात खांद्याच्या वर जाणार नव्हता, म्हणजे सापळे बंद. त्याच्याकडे आरोग्यविमा नव्हता. परवा आर्लीननं खिडकीतून पाहिलं, तर त्याच्या होडीवर 'विकणे आहे'ची पाटी. ती तडक विमा एजंट जोलीनकडे गेली. आर्लीन शाळेत स्वयंपाक करायची, तेव्हा ही जोलीन तिच्याच हातचं जेवलेली.

"स्वयंपाकघराचं काम काढण्याआधी मला कळवलंत, ते बरं केलंत," जोलीन म्हणाली. "व्हर्नला मजुरी देत होतात?"

"बीन्स देत होते."

"बीन्स चालतात. म्हणजे तो मजूर नाही, घरी आलेला माणूस. आता सांगा, चूक कुणाची?"

आर्लीननं खिशातले स्क्रू टेबलावर ठेवले. व्हर्न पडला त्याच्या आदल्या संध्याकाळी कठड्याला रंग द्यायला म्हणून तिनंच ते काढले होते. रंगाचा डबा आणायला आत गेली, बहिणीचा फोन आला, आणि विसरली.

जोलीननं दाव्याचा कोरा कागद काढला. "मग तुमच्या घराच्या विम्यातून त्याच्या ऑपरेशनचा खर्च निघायला हवा. पण होडीचं खोटं मागे घेऊन त्यानं खरं सांगायला हवं, आणि भरपाई त्यानंच मागायची. तुमच्याकडून."

आर्लीननं नेलेला तो कागद व्हर्ननं पाहिला आणि डाव्या हातानं परत सरकवला.

"आर्लीन, मी वादळात बुडत होतो तेव्हा तुझ्या नवऱ्यानं मला पाण्यातून ओढलं. आणि मी त्याच्या बायकोवर दावा लावू? गाव शेण घालेल तोंडात."

"गाव खड्ड्यात गेलं."

"शिवाय कठडा मी बसवलेला. माझं मी निस्तरेन."

आता बोलायलाच हवं होतं. तीन आठवडे ती त्याला सूप नेऊन देत होती आणि रोज हे वाक्य गिळून परत येत होती. तिनं चारही स्क्रू त्याच्यासमोर मांडले.

"तुझं काम पक्कं होतं. हे मी काढले. विसरले. आणि मग सांगायची हिंमत झाली नाही. मला माफ कर."

व्हर्ननं एक स्क्रू उचलला, उजेडात फिरवून पाहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसत होता मेला.

"म्हणजे तीन आठवडे मी माझ्या हातांना शिव्या घालतोय, ते फुकटच?"

"फुकटच."

"सुरुवातीलाच सांगितलं असतंस, तर निदान तुला घातल्या असत्या." त्यानं कागद ओढला. "आण पेन. आणि कॉफी टाक. तुझ्यावर दावा लावतोय, एवढं तरी कर."

डाव्या हातानं सही केली, ती कोंबड्यानं उकरल्यासारखी आली. विमा कंपनीच्या माणसाला त्यानं होडीचं खोटंही स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तो माणूस दोनदा येऊन पायऱ्या मोजून गेला, पण मार्चअखेर ऑपरेशन झालं.

होडीवरची पाटी उतरली. जूनच्या पहिल्या शनिवारी व्हर्न आला, कठड्याला चारही स्क्रू पिळून बसवले, पोटभर बीन्स खाल्ले. आर्लीननं बीन्सचं जड मडकं धुऊन पुसलं. ते त्यानं उजव्या हातात घेतलं, दात-ओठ खाऊन हात हळूहळू वर नेला आणि मडकं त्या उंच फळीवर ठेवलं.

"अरे, तिथं माझा हात पोचत नाही," आर्लीन म्हणाली.

"माझा पोचतो," व्हर्न म्हणाला. "पुढच्या शनिवारी येतो काढून द्यायला."