सामान्य माणसाचं म्हणणं

आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर माणसं दोनच तऱ्हेची: तज्ज्ञ आणि सामान्य माणूस. आजाराची बातमी असो की पुलाची, डॉक्टर-इंजिनियर वर आणि सामान्य माणूस तळाला. धर्माच्या बातमीत वरती धर्मगुरू येतात, तळाला मात्र हाच. तज्ज्ञाला आम्ही नाव, हुद्दा, पदवी सगळं विचारतो, याला काहीच नाही. जागा कमी पडली की कात्री पहिली याच्यावर. बावीस वर्षं ती मीच चालवतेय, तेव्हा उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

त्या दुपारी वार्ताहराने शाळेच्या पाण्याची बातमी दिली. नळाला पिवळं पाणी येत होतं. पाणीपुरवठ्याचे इंजिनियर म्हणत होते, पाइपाचा गंज आहे, आठवड्यात जाईल. तपासणीत पाणी शुद्ध निघालं होतं. तळाला एक ओळ होती: 'मात्र सकाळी पाण्याला वास येतो, असे एका सामान्य माणसाचे म्हणणे आहे.'

ओळ कापायला घेतली आणि 'सकाळी'पाशी अडले. गंजाला घड्याळ कधीपासून कळायला लागलं?

"हे गृहस्थ कोण?" मी विचारलं.

"कुणीतरी आजोबा. फाटकापाशी भेटले," वार्ताहर म्हणाला.

"काय करतात?"

"ते कुठे विचारलं? सामान्य माणूसच ना!"

नशीब, आजोबांनी बळेबळे फोन नंबर लिहून दिला होता. मी लावला. चाळीस वर्षं नळजोडणी करत होते म्हणे. नात त्याच शाळेत दुसरीत.

"रात्री पुरवठा बंद असतो," ते म्हणाले. "नळी रिकामी झाली की बाहेरचं आत ओढते. शेजारून सांडपाण्याची लाइन गेलीय. कुठलातरी जोड सुटलाय बघा. सकाळचं पहिलं पाणी घाण, दहानंतर चकाचक."

"इंजिनियरना सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हणाले, आजोबा, तपासणी झालीय. मी विचारलं, तपासणीची बाटली किती वाजता भरली? हसले आणि गाडीत बसले."

मला इंजिनियरांचा राग आला. लगेच स्वतःचीही लाज वाटली.

"नात पिते ते पाणी?"

"तिला घरून बाटली देतो हो. बाकीच्या तीनशे पोरांचं काय?"

मी इंजिनियरना फोन केला. आधी आजोबांची चाळीस वर्षं सांगितली, मग म्हणणं. बाटली दुपारी दोनला भरली होती. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"रात्रीच्या बंद पुरवठ्याचं आमच्या लक्षातच..." ते थांबले. "उद्या सहाला पुन्हा बाटली भरतो. ते गृहस्थ येतील का? जोड कुठे शोधायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतंय."

हे ऐकून आजोबांची छाती फुगेल असं मला वाटलं होतं. मी तेवढ्यासाठीच उत्साहाने त्यांना फोन केला.

"येईन की," ते म्हणाले. "पण पोरं सातला येतात आणि आल्या आल्या नळाला तोंड लावतात. तुमचा निकाल येईपर्यंत नळ कोण बंद करणार?"

हा प्रश्न ना इंजिनियरना पडला होता, ना वार्ताहराला, ना मला. बातमीत आजोबांना तज्ज्ञ म्हणायचं की सामान्य माणूस, ते मी बाजूला ठेवलं आणि मुख्याध्यापिकांचा नंबर लावला.