पायरीवरची मशेरी

“आई, तव्याला कसला वास येतोय? परत मशेरी भाजलीस ना?”

“नाय रे, मिरच्या भाजल्या,” मालन म्हणाली. धडधडीत खोटं. ते नितेशलाही कळलं.

“डॉक्टर काय बोलली, विसरलीस? गालात पांढरा चट्टा आलाय. आता तंबाखू लावलीस ना, तर वाट लागेल आई.” बूट चढवून तो कामावर निघून गेला.

डॉक्टर श्वेता बाई समजूतदार होती. तिने सांगितलं होतं, “मावशी, डोकं दुखणं, पोट साफ न होणं, हे शरीराचं व्यसन. ते आधी सुटतं. मनाचं मागे राहतं, ते फार चिवट.” झालंही तसंच. मशेरी सोडल्यावर डोकं दुखायचं थांबलं, पोट ताळ्यावर आलं. पण सकाळची कामं उरकून घर रिकामं झालं, की मालनला काही म्हणता काही सुचत नसे.

मरोळच्या चाळीत याच वेळी ती आणि शेजारची नलिनी पायरीवर बसायच्या. मशेरी भाजायची नलिनी, चुरायची मालन. एकमेकींच्या तळहातावर चिमूट ठेवायच्या आणि दातांवर बोट फिरवत साऱ्या चाळीची उणीदुणी काढायच्या. सुना, नवरे, नळावरची भांडणं, कशाकशाला म्हणून सोडलं नाही. पुढे चाळ पाडली, तिथेच टॉवर उभा राहिला. नलिनी मात्र टॉवर होईपर्यंतच्या संक्रमण शिबिरातच वारली, नवं घर काही तिला बघायला मिळालं नाही. इथे चौदाव्या मजल्यावर समोरच्या दारामागे कोण राहतं, हेसुद्धा मालनला ठाऊक नव्हतं.

आज तिला राहवलं नाही. सकाळी भाजलेल्या मशेरीची पुडी घेऊन ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. तळहातावर चिमूट घेतली आणि बोट दातांवर फिरवलं.

कडूजहर लागली. डोकं गरगरलं. ती धावत घरात गेली, चूळ भरली, पुन्हा पुन्हा भरली. शरीराला खरंच नको होती ती. मग एवढा जीव तडफडत होता तो कशासाठी? बेसिनपाशी उभ्या उभ्याच तिला ते कळलं आणि तोंडाला पदर लावून ती पोटभर रडली.

“नलू गो,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

उरलेली मशेरी तिने संडासात ओतून टाकली. हात स्वच्छ धुतले. मग परत बाहेर येऊन ती त्याच पायरीवर बसली आणि सवयीने भिंतीकडे सरकली, नलिनीला टेकायला जागा व्हावी म्हणून.