गाडी आत, साडेपाच

आमच्या धुलाई कारखान्यात गाडी परत यायच्या आधीच परत आलेली असायची, म्हणजे वहीत. पाच वाजले की मी ये-जा वही पुढ्यात ओढायची, ‘गाडी आत’ या रकान्यात साडेपाच लिहायची, सही ठोकायची आणि चपला घालायची. गाडी खरंच कधी यायची ते रखवालदाराला माहीत. साडेपाचनंतर ड्रायव्हर कामावर दिसला की जादा तासांचा प्रश्न यायचा, आणि मालकांना प्रश्न आवडत नसत. नवीन होते तेव्हा मी एकदा विचारलं, तर म्हणाले, वहिनी, वही नीटनेटकी असावी. माझ्या नवऱ्याचे ते मित्र. नवरा गेल्यावर त्यांनीच मला या खुर्चीवर बसवलं, मग मी कुठल्या तोंडाने वाद घालणार? बारा वर्षं वही नीटनेटकी ठेवली. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं, त्याचा जरा तोराही होता मला.

आम्ही इस्पितळांच्या चादरी धुवायचो. इस्त्री होऊन आलेल्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला एक कापडी पट्टी टाचतात. तिच्यावर न जाणाऱ्या शाईने तारीख आणि वॉर्ड लिहिलेला असतो. चादर वॉर्डात पोचली की तिथली बाई पट्टी कापून टाकते. एखादी न पोचता परत आली तर पट्टी मी कापायची, म्हणजे चादर नव्या तारखेच्या गठ्ठ्यात जायची. कापलेल्या पट्ट्या माझ्या खणात पडून असायच्या. कात्री टेबलाला दोरीने बांधलेली, कारण आमच्याकडे कात्रीला पाय फुटायचे.

आमच्या ड्रायव्हरला सगळे सावकाश म्हणायचे. निघताना ‘सावकाश जातो, बाई’ म्हटल्याशिवाय त्याचा पाय फाटकाबाहेर पडत नसे, आणि जायचाही तसाच. इतक्या वर्षांत गाडीच्या आरशाला ओरखडा नाही. त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर तापाने पडला आणि दोघांच्या फेऱ्या सावकाशच्या गळ्यात पडल्या. पहाटे चारपासून तो चाकावर होता. दुपारी जिन्यावर बसल्या बसल्या पेंगत होता, तर मी त्याला तोंडावर पाणी मारायला सांगितलं आणि शेवटच्या फेरीचा कागद हातात दिला. ती फेरी मी थांबवू शकले असते का, हे मला कुणी विचारलं नाही. मी मात्र रोज विचारते.

सव्वासहाला, शेवटच्या इस्पितळाच्या अलीकडच्या वळणावर त्याचा डोळा लागला. गाडी फुटपाथवर चढली आणि तिथून चाललेल्या माणसाला घेऊन भिंतीवर गेली. शाळेत शिपाई होता तो, सुटून घरी निघाला होता. मागचं दार उघडलं आणि चादरी रस्ताभर झाल्या. त्यातलीच एक कुणीतरी त्याच्या अंगावर घातली. इस्पितळ हाकेच्या अंतरावर, पण तिथवर तो टिकला नाही.

मालकांना फोन सावकाशनेच केला, बिचाऱ्याने, मदतीसाठी. मालकांनी मदत पाठवली ती भाच्याच्या हाती दुसरी गाडी, चादरी उचलायला. पोलीस आले तेव्हा रस्ता साफ होता. पंचनाम्यात लिहिलं गेलं, गाडी रिकामी. इस्पितळाच्या पोचपावतीवर तिथला माणूस दिवसभराच्या सह्या सकाळीच करून मोकळा व्हायचा, तेव्हा तीही बिनचूक होती, शेवटची फेरीसुद्धा पोचलेली.

गाडीचा विमा संपून दोन महिने झाले होते. अपघात कामावर असताना झाला असेल तर त्या शिपायाच्या घराला भरपाई द्यायची मालकांनी. आणि काम संपल्यावर ड्रायव्हरने गाडी परस्पर नेली असेल तर ते सगळं ड्रायव्हरच्या माथी. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, समोर बसवलं, चहा मागवला. मी घाबरले होते की आता काहीतरी खोटं लिहायला सांगतील.

“वहिनी, तुम्हाला खोटं काहीच बोलायचं नाहीये,” ते म्हणाले. “कोर्टात वही दाखवतील. अक्षर तुमचं आहे एवढंच सांगायचं.”

मी चहा प्यायले. काय सांगू, मला बरंच वाटलं. वाटलं, चला, आपल्याला काही करायचं नाही.

दोन महिन्यांनी त्या शिपायाची बायको आली. पाठीमागे कुणी नाही, हातात कापडी पिशवी. कपडे शिवून घर चालवणारी बाई, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. काउंटरवर जी बसते ती, एवढंच. तिने पिशवीतून चादर काढून माझ्यापुढे ठेवली. यांच्या अंगावर घातली होती, घरी आमच्याबरोबर आली, म्हणाली. डाग जायला वेळ लागला, नाहीतर आधीच आणून दिली असती. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवायला तिला बरं वाटत नव्हतं. चादरीची घडी अशी होती की आमच्या इस्त्रीवाल्याने शिकवणी लावावी.

मला तिच्याकडे बघवेना. खाली बघितलं, तर पुढ्यात चादर, कोपऱ्याला पट्टी. परत आलेली चादर. मी कात्री उचलली आणि पट्टी कापली.

मग वाचली. त्या दिवसाची तारीख, शेवटच्या इस्पितळाचा वॉर्ड. ही चादर पोचलेली नव्हती. सव्वासहाला ती गाडीत होती, म्हणजे गाडी कामावर होती, आणि हे सांगणारी अख्ख्या जगात एवढी एकच वस्तू उरली होती. ती या बाईने दोन महिने सांभाळली, चोळून चोळून धुतली पण पट्टीला धक्का लावला नाही, कारण ती आमची होती. मी कापली. बारा वर्षं पाच वाजता साडेपाच लिहिणारा माझा हात, तो काय माझी वाट बघत थांबणार आहे? पट्टी टाचायचे दोन टाके असतात, कापल्यावर कापडावर खूणही राहत नाही.

पट्टी मी मुठीत धरली आणि तिला सगळं सांगितलं. वहीचं सांगितलं, सावकाशचं सांगितलं, कोर्टात येऊन बोलेन म्हणाले. कात्रीचं तेवढं सांगितलं नाही. चादर पुन्हा पिशवीत घातली, पट्टी वेगळी कागदात गुंडाळून दिली आणि वकिलाकडे द्या म्हटलं. ती म्हणाली, “ताई, देव तुमचं भलं करो.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोर्टात मालक पहिल्या बाकावर होते. माझ्याकडे बघून त्यांनी नेहमीसारखी मान लववली. त्यांच्या वकिलाने वही उघडून अक्षर कुणाचं विचारलं. माझंच. मग मी सांगितलं की नोंद खोटी आहे, गाडी यायच्या आधीच लिहायची आमची पद्धत आहे, त्या दिवशीही तशीच लिहिली.

“म्हणजे तेव्हा खोटं लिहीत होतात, की आज खोटं बोलताय?”

“तेव्हा.”

“किती वर्षं?”

“बारा.”

कोर्टात थोडा हशा पिकला. मग त्याने पट्टी हातात धरली आणि अशा पट्ट्या माझ्या खणात किती असतात ते विचारलं. मूठ दोन मुठी, मी म्हणाले. ही याच चादरीची कशावरून? मी सांगितलं की मीच कापली. का कापली? सवयीने, म्हणाले. ते कुणी लिहूनही घेतलं नाही. तुरुंगातून आणलेला सावकाश मागून सांगत राहिला की बाई खरं बोलतात, पण त्याचं ऐकायला कोण बसलंय.

निकाल लागला. गाडी काम संपल्यावर परस्पर नेलेली, मालकांचा संबंध नाही, भरपाई ड्रायव्हरने द्यावी. सावकाशकडे द्यायला तुरुंगातली सतरंजी होती. माझ्या खुर्चीवर साक्षीच्या दुसऱ्याच दिवसापासून मालकांचा भाचा बसायला लागला होता.

बाहेर व्हरांड्यात ती बाई बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर. मी शेजारी बसले. तिचं रडून झालं होतं. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

“ताई,” ती म्हणाली, “मी ही चादर तुमच्याकडे आणलीच नसती, पट्टीसकट घरीच राहू दिली असती, तर भरपाई मिळाली असती का हो?”

निदान आता तरी खोटं नको, असं मला वाटलं. मी म्हणाले, “हो.”

तिने मान हलवली. पिशवीत हात घालून चादरीची घडी उगीच सारखी केली.

“मी तर इस्त्री करून आणली होती,” ती म्हणाली.