मनमिळाऊ, पण कशावरून?

मित्रांनो, मी एक जुनी दाराची साखळी आहे. तुम्ही कोण, ते सवडीने सांगा. पण तोवर जरा बाहेरच थांबा. आपण फटीतून बोलू. फट सोडायची आणि माणूस आत सोडायचा नाही, हेच तर माझे काम.

माझा जन्म कुलपांच्या कारखान्यात झाला. एकीत एक कडी ओवली गेली, टोकाला गोल बोंडी बसली आणि ती बोंडी सरकावी म्हणून खाचेची एक पट्टी सोबत मिळाली. मग तपासणाऱ्या माणसाने मला दोन्ही हातांनी असा हिसका दिला की माझा जीव कळवळला. तेव्हापासून कुणाचा हात पुढे आला, की मला आधी हिसकाच आठवतो.

मला बाईंनी विकत घेतले. बाई म्हणजे शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. यजमान वारले, लेक लग्न होऊन दूर गेली, तेव्हा लेकीने फोनवर हट्ट धरला, "आई, दाराला साखळी लावून घे. त्याशिवाय माझ्या जिवाला घोर राहील." सुताराने पट्टी दारावर बसवली, माझे दुसरे टोक चौकटीत पक्के केले आणि म्हणाला, "आता हत्ती आला तरी बाहेरच!" माझे एवढे कौतुक पुन्हा कुणी केले नाही. पुढे रंगाऱ्याने दाराबरोबर मलाही रंग फासला, बोंडी खाचेत चिकटू लागली, पण तेलाचा थेंब मला कुणी दाखवला नाही.

दुपारी वारा यावा म्हणून बाई दार किलकिले ठेवत आणि मला लावून आडव्या होत. म्हणजे दुपारभर घराची सगळी भिस्त माझ्यावर. मी डोळ्यात तेल घालून पहारा करी. दूधवाला, टपालवाला, वीजमीटर बघणारा, मी कुणालाच सोडले नाही, सगळे संशयितच.

संध्याकाळी मुली शिकवणीला येत. बाई एक शब्द देत आणि त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगत. पण नुसत्या वाक्यावर त्यांचे समाधान होत नसे. कुणी म्हणाले, 'मांजर लबाड आहे', की बाई विचारत, "कशावरून?" मग मुलगी म्हणे, 'दूध सांडून डोळे मिटून बसलं आहे.' "हं, आता दिसलं मांजर," बाई म्हणत. मला तो प्रश्न फार आवडे. साऱ्या जगाला तोच विचारावा असे मला वाटे.

एकदा शब्द होता 'मनमिळाऊ'. एका लांब वेणीच्या मुलीने पटकन वाक्य केले, "समोरच्या कंडक्टरकाकू मनमिळाऊ आहेत."

"कशावरून?"

"त्या सगळ्यांशी हसून बोलतात."

"हसून तर दात उपटणारा डॉक्टरही बोलतो," बाई म्हणाल्या. मुली खिदळल्या. वेणीवाली हिरमुसली. "वाक्य चुकलं का, बाई?"

"चुकलं नाही गं, अर्धं आहे. उरलेलं सापडलं की आण."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. कारण ती कंडक्टर माझ्या डोळ्यांत केव्हाची खुपत होती. समोरच्या घरात राहायला येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. बसमध्ये 'पुढे सरका, पुढे सरका' ओरडून घसा बसलेला, गळ्यात दोरीला शिट्टी लटकलेली, आणि तरी जिना चढताना ही बाई झाडूवाल्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांची विचारपूस करणार. मित्रांनो, दिवसभर माणसांचे धक्के खाऊन आलेल्या माणसाला आणखी माणसे हवीत कशाला? कुठेतरी पाणी मुरत होते.

लवकरच पुरावाही मिळाला. दुपारी कामावरून परतली की ती आमच्या दाराशी थांबायची. फटीला कान लावायची. मग गालात हसून निघून जायची. एकदा बाई जाग्या होत्या. त्यांनी आतून विचारले, "कंडक्टरबाई, काही हवंय का?"

"नाही हो मावशी, सहज."

"सहज म्हणजे?"

ती हसली आणि सटकली. दुसऱ्या दिवशी तिने जिन्यात वेणीवालीला गाठून विचारले, "बाई दुपारी एकट्याच असतात का गं? साखळी लावूनच झोपतात?" माझ्या कड्याकड्यांत धस्स झाले. आणि मग एके दिवशी तिने फटीतून दोन बोटे आत घालून मला चाचपले. बोंडी कुठे, खाच केवढी, सगळे पाहून घेतले.

त्याहून भयंकर पुढेच आहे. तिने स्वतःच्या दाराला हुबेहूब माझ्यासारखी साखळी बसवून घेतली. कुणाकडून तरी ती आतून लावून घ्यायची, स्वतः बाहेर उभी राहायची आणि शिट्टीच्या दोरीने ती काढून बघायची! फटीतून मला सगळे दिसत होते. कितीदा दोरी निसटली, पण तिने नाद सोडला नाही. शेवटी खट्ट आवाज झाला, साखळी सुटली आणि ती खुशीत हसली. दिवसाढवळ्या चोरीचा सराव! मी जीव तोडून खळखळले. बाई कूस बदलत म्हणाल्या, "वारा सुटलाय वाटतं."

आणि मग ती दुपार आली. बाई पाणी प्यायला उठल्या, स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवर पाय सरकला आणि धप्पकन आवाज झाला. त्यांना उठता येईना. फोन दुसऱ्या खोलीत. हाक मारली, पण ती माझ्यापर्यंतही जेमतेम आली. दार उघडे होते, मित्रांनो. फक्त मी लावलेली होते. हत्ती आला तरी बाहेरच, हे कौतुक मला त्या वेळी नकोसे झाले.

जिन्यात पावले वाजली. कंडक्टर आली, थांबली, तिने कान लावला. आज ती हसली नाही.

"मावशी? मावशी, आवाज द्या!"

तिने गळ्यातली दोरी काढली, फास केला, बोटे आत घालून तो बोंडीला अडकवला, दोरी दाराच्या वरून बाहेर घेतली, दार ओढून लावत आणले आणि दोरी खेचली. मी हलले नाही. रंगाने माझी बोंडी धरून ठेवली होती. तिने पुन्हा खेचले. शिट्टी दारावर आपटत होती. जन्मभर मी हिसक्याला भ्याले, पण त्या क्षणी मला वाटले, दे, अजून जोरात दे! रंगाचा पोपडा उडाला आणि मी सुटले.

(इथून पुढे त्यांना अहोजाहो करायला माझी हरकत नाही.)

त्यांनी बाईंना हलवले नाही. डोक्याखाली उशी दिली, रुग्णवाहिकेला फोन केला आणि फरशीवरच हात धरून बसल्या. वेदनेतही बाईंनी विचारले, "साखळी कशी काढलीत?"

"शिकून ठेवलं होतं."

"कशावरून वाटलं, की लागेल?"

"माझ्या आईच्या दाराला अशीच होती, मावशी. लोकांनी दार तोडेपर्यंत..." त्यांनी बाईंचा हात थोपटला. मग म्हणाल्या, "म्हणून रोज कान लावायचे. तुमचं घोरणं ऐकलं की बरं वाटायचं."

"मी घोरत नाही," बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

खुब्याचे हाड जोडून, काठी टेकत बाई घरी आल्या. शिकवणी पुन्हा भरली. वेणीवाली उभी राहिली आणि म्हणाली, "समोरच्या कंडक्टरकाकू मनमिळाऊ आहेत, बाई पडायच्या आधीच त्या बाईंचं दार उघडायला शिकल्या होत्या."

सगळ्या मुली त्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत राहिल्या. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "पुढचा शब्द घ्या."

आता कंडक्टरकाकू मला शिवणयंत्राचे तेल घालतात. दुपारी जिन्यातून हलकेच शिट्टी वाजवतात आणि आतून बाई ओरडतात, "आहे हो, आहे!"

मित्रांनो, साखळी जरूर लावा. अनोळखी माणसाला फटीतूनच विचारा. पण तिच्यावर रंग चढू देऊ नका, तेल घालत जा, आणि ती बाहेरून कशी निघते, हे एका तरी माणसाला ठाऊक असू द्या. तो माणूस कोण, ते नीट पारखून ठरवा. तोवर फट धरून मी उभी आहे.