पलंगापासून दारापर्यंत

“साधा ताप होता ना, दाजी? मग ताई गेली कशी?”

हा प्रश्न मामाने माझ्यावर बसूनच विचारला होता.  डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं, पण ते काही उत्तर नव्हे. मी तरी काय सांगणार? मी पडलो लाकडी स्टूल. चार पाय असून कोणी उचलल्याशिवाय न हलणारा.

एका सुताराने चौकटींच्या उरलेल्या तुकड्यांतून मला ठोकलं आणि ओळखीच्या रंगाऱ्याला देऊन टाकलं. तो रंगारी म्हणजेच हा मामा. पाचवीतच शाळेला रामराम ठोकलेला, डोकं तापट, हात मात्र सफाईदार. माझ्यावर चढून त्याने कितीतरी छतं रंगवली. अंगावरचे शिंतोडे तेव्हाचेच. बहिणीला मुलगी झाली, तेव्हा तो मला खांद्यावर घेऊन तिच्याकडे गेला.

“लोक बाळाला खुळखुळा आणतात रे,” ताई म्हणाली, “आणि तू स्टूल?”

“खुळखुळा मोडतो. हे बघ, मोडून दाखव!”

त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. दिवसभर भिरभिरायची आणि झोपताना आईची वेणी मुठीत धरायची. वेणी सुटली की रडं. ती चार वर्षांची झाल्यावर ताईने ठरवलं, आता हिला आपली आपण झोपायला शिकवायचं. संध्याकाळी जेवण झालं की मोठा दिवा बंद. मग माझ्यावर उभं राहून दात घासायचे, एक गोष्ट, एक पापा, आणि ताई मला पलंगाजवळ ठेवून बसायची. वेणी मात्र पाठीमागे. भिंगरी हाका मारायची, पाणी मागायची, पायाला मुंगी चावल्याचं सांगायची. ताई रागावत नसे. रोज एकच वाक्य, “मी इथेच आहे, झोप आता.” चार-सहा दिवस सुरळीत गेले की ती मला एक फरशी दाराकडे सरकवी. असा मी कपाटापर्यंत पोचलो होतो, तेव्हा ताईला ताप आला.

मामा आला तो रंगाचं काम टाकूनच. खोलीत शिरताच मला अडखळला. “हे वाटेत कोणी ठेवलं?” म्हणत त्याने लाथ मारली आणि मला परत पलंगाशी नेलं. आई गेलेल्या पोरीला हसवायचं, एवढंच त्याला कळत होतं. झोपायच्या वेळी घोडाघोडा, गुदगुल्या, हातात फोन. मग तिने त्याचं बोट धरून ठेवायचं. पुष्कळदा पलंगावर डोकं टेकून तोच आधी घोरायचा आणि भिंगरी त्याच्या दाढीतला वाळलेला रंग खरवडत जागी. सकाळी ती चिडचिडी, डोळे लाल.

दाजी शाळेची बस चालवतात. ताई गेल्यापासून रात्री ते त्या खोलीत पाऊल टाकत नसत. बाहेर पायरीवर बसत. एकदा तिथूनच म्हणाले, “तू आल्यापासून घरात सर्कस आहे. पोर झोपत नाही.”

“तिची आई गेली आणि तुम्हाला झोपेचं पडलंय?”

“तिच्या आईलाच पडलं होतं,” दाजी म्हणाले.

 तेवढ्यात मामाला मुकादमाचा फोन आला, लांबच्या गावी मोठं काम होतं, दोन महिन्यांनी रंगाऱ्यांची टोळी निघणार होती. “काम गेलं खड्ड्यात,” मामा म्हणाला. “हिला माझं बोट लागतं.”

“आणि बोट जन्मभर पुरवणार आहेस?”

त्या संध्याकाळी मामाने फोन कपाटावर ठेवला. “भिंगरे, आई आधी काय करायची?”

“आधी दात. मग गोष्ट. आणि तू घोडा नाही व्हायचं.”

गोष्टीचं पुस्तक त्याला धड वाचता येईना. चित्रातल्या अस्वलाला त्याने रंगाचा डबा आणायला पाठवलं. “अस्वल असं करत नाही!” भिंगरी ओरडली. “आमचं अस्वल कामावर जातं,” मामा म्हणाला. मग बोट सोडवून घेतलं. ती रडली. त्यालाही रडू आलं, पण अंधुक उजेडात ते फक्त मला कळलं. तो म्हणत राहिला, “मी इथेच आहे, झोप आता.” एखाद्या दिवशी बेत फसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दात, गोष्ट, पापा. मी फरशी-फरशीने मागे सरकू लागलो.

कपाटाशी मात्र अडलो. भिंगरी आता लवकर झोपू लागली होती, तरी मामा मला तिथून हलवेना. ताई इथवरच आली होती. पुढची फरशी तिच्याशिवाय ओलांडायची होती.

शेवटी भिंगरीच म्हणाली, “मामा, आज पुढे. आई म्हणाली होती, मग दाराशी बसायचं.”

त्याने मला उचललं. दाराशी नेऊन ठेवलं.

आता मी दिवसा बेसिनजवळ असतो आणि संध्याकाळी थोडा वेळ दाराबाहेर. हल्ली भिंगरी बहुधा एकही हाक मारत नाही. आईबापांनो, तुमच्याही घरात एखादं स्टूल असेल. ते सरकवायची घाई करू नका, आणि दया आली म्हणून मागेही नेऊ नका. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने. मुलांना तेवढंही भरवशाचं वाटतं.

मामाचं सांगायचं राहिलं. टोळीबरोबर निघायच्या संध्याकाळी भिंगरीचे दात घासून झाले, तेव्हा तो पायरीवर गेला आणि दाजींना दंडाला धरून आत घेऊन आला.

“मला नाही जमणार रे,” दाजी म्हणाले.

“मलाही जमत नव्हतं.”

त्याने मला दाराशी मांडलं, दोन्ही हातांनी दाजींचे खांदे दाबून त्यांना माझ्यावर बसवलं, आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.