परमनंट वावर

माझा नवरा कुलदीप माजरीजवळच्या कोळसा खाणीत शॉवेल, म्हणजे खोदायचं अजस्र मशीन, चालवायचा. पण तो कुठे गेला असं कोणी विचारलं, की माझ्या सासूबाई, सत्यशीलाबाई, सांगायच्या, "वावरात गेला." त्यांचं वावर, म्हणजे शेत, खाणीत गेलं आणि बदल्यात ही नोकरी मिळाली, म्हणून त्यांच्या लेखी पोरगा वावरातच जायचा. मला हसू यायचं.

मला त्या वावराशी काही घेणंदेणं नव्हतं. मला परमनंट नवरा हवा होता आणि तो मिळाला होता. चिमूरला माझ्या बहिणी अजून त्यावरून जळतात. क्वार्टर, दवाखाना, पेन्शन. माणूस आजारी पडला तरी पगार ठणठणीत. आणि हा शहाणा एक दिवस जेवता जेवता म्हणतो, "नोकरी सोडतो. पोकलेन घेतो, शेततळे खोदाचे ठेके घेतो."

"अन् मशीन बिघडली तं? काम भेटलं नाई तं?" मी विचारलं.

"तं घरी बसन. पन ज्यानं बलावलं, त्याच्यासाठी खोदीन. इथी कोनासाठी खोदून राह्यलो, मलेच मालूम नाई."

माझं डोकं सणकलं. मी तडक सासूबाईंकडे गेले. नोकरी त्यांच्या जमिनीची. त्या नाही म्हणाल्या असत्या तर कुलदीपची पुढे जायची हिंमत नव्हती. त्या तांदूळ निवडत होत्या.

"त्याले म्हना, मले एकदा वावर दाखव. मंग सांगीन."

जमीन दिल्यापासून त्या तिकडे फिरकल्याच नव्हत्या.

सुट्टीच्या दिवशी कुलदीपने आम्हाला खाणीच्या काठावर नेलं. मीही पहिल्यांदाच बघत होते. जमीन एकदम संपली होती. खाली पायरीखाली पायरी, तिच्याखाली आणखी पायरी, शेवटची धुळीत बुडालेली. ज्या डंपरचं चाक माझ्यापेक्षा उंच, ते डंपर तळाशी काडीपेटीएवढे दिसत होते. एवढं माणसांनी खोदलं? आणि त्यात माझ्या घरचा हा माणूस, ज्याचं वांगं चिरताना बोट कापतं? मी दोन पावलं मागे सरकले, खोटं कशाला सांगू.

"आपली हीर कुठी?" सासूबाईंनी विचारलं.

कुलदीपने हात उचलला. खाली नाही, समोर. मोकळ्या हवेत एक घार फिरत होती.

"ते घार हाये ना, माय, तिथी."

आम्ही तिघं घारीकडे बघत राहिलो. त्या विहिरीवर सासूबाईंनी पाणी भरलं असेल, भाकर खाल्ली असेल. आता तिथे फक्त घार होती. बुद्धविहारात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं आमचं.

"कोनं खोदून टाकली?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीच. त्या जागी ड्यूटी माहीच लागली होती."

"कधी बोलला नाई."

"तू रोज म्हने, वावरात गेला. कसा बोलू?"

सासूबाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि तळवा उलटासुलटा करून पाहिला. मला वाटलं, आता रागावतील. पण चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"नूतन, वावर बी परमनंटच होतं."

नोकरी सोडायला हाच त्यांचा होकार होता, हे मला घरी परततानाच कळलं.

कुलदीपने राजीनामा दिला. क्वार्टर सुटलं, दवाखान्याचं कार्ड गेलं. मध्ये पोकलेन बंद पडलं, तेव्हा मी त्याच्याशी बोललेच नाही. भीती अजून वाटते, रोज वाटते. सासूबाईंनी मात्र त्या दिवसापासून वावराचं नाव घेणंच सोडलं.

परवा शेजारच्या बायनाबाईंनी दारातून विचारलं, "कुलदीप दिसत नाई?"

तो कुरखेड्याकडे गेला होता, कोणाच्या तरी धानाच्या शेतात तळं खोदायला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"वावरात गेले," मी सांगितलं.